धर्मगुरूंचा शब्द आणि आपलं वाचन

श्रद्धेच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा, हा एकच प्रश्न या वेळच्या पत्रांत वेगवेगळ्या रूपांत आला आहे. कॅथलिक चर्च, जुनी प्रोटेस्टंट चर्चेस आणि स्वतंत्र मंडळ्या यांचे नियम निराळे आहेत. म्हणून प्रत्येक उत्तर पत्र लिहिणाऱ्याच्या परंपरेला धरून दिलं आहे.

प्रश्न : लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं होतं, की बाप्तिस्मा न होता गेलेली बाळं 'लिंबो'त, म्हणजे स्वर्गही नाही आणि नरकयातनाही नाहीत अशा अवस्थेत, जातात. आता फादर म्हणतात, तसं मानायची सक्ती नाही. इतर बाबतींत मात्र तेच सांगतात, 'चर्चची शिकवण आहे, प्रश्न नको.' पक्कं काय आणि बदलणारं काय, हे साध्या माणसानं ओळखायचं कसं? (एक कॅथलिक वाचक)

'चर्चची शिकवण' म्हणताना आपण वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

सर्वांत वर येतात ते देवानं प्रकट केलेलं सत्य म्हणून चर्चनं घोषित केलेले सिद्धांत : त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व आणि मनुष्यत्व, त्याचं पुनरुत्थान. इथे श्रद्धेची पूर्ण संमती अपेक्षित आहे. त्याखाली या सत्यांशी घट्ट जोडलेली, निर्णायक म्हणून शिकवलेली मतं येतात. १९९८ मध्ये चर्चच्या कायद्याच्या कॅनन ७५० ला दुसरं कलम जोडून ही पायरी स्पष्ट केली गेली. तिसरी पायरी पोप आणि बिशप यांच्या नेहमीच्या शिकवणीची. कॅनन ७५२ इथे बुद्धी आणि इच्छेचा आदरपूर्वक स्वीकार मागतो, आणि हा स्वीकार म्हणजे श्रद्धेची संमती नव्हे असंही त्याच वाक्यात सांगतो. शेवटी येतात शिस्तीचे नियम. मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं, उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. धर्मगुरूंचं ब्रह्मचर्यही याच पायरीवर आहे. रोमशी एकरूप असलेल्या पूर्वेकडच्या अनेक कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषांना धर्मगुरुदीक्षा मिळते. हे नियम पाळायचे असतात, पण ते बदलू शकतात.

लिंबो यांपैकी कोणत्याच पायरीवर नव्हतं. शतकानुशतकं शिकवलं गेलेलं ते एक धर्मशास्त्रीय मत होतं, त्याची सिद्धांत म्हणून घोषणा कधीच झाली नाही. १९९२ च्या कॅटेकिझमचा, म्हणजे कॅथलिक शिकवणीच्या अधिकृत सारग्रंथाचा, परिच्छेद १२६१ अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगानं त्यांच्या तारणाची आशा धरायला गंभीर आधार आहेत असं मांडलं. म्हणजे तुमच्या लहानपणी सिद्धांत शिकवला आणि आता तो मागे घेतला, असं झालेलं नाही. त्या वर्गात एका मताला सिद्धांताचं वजन दिलं गेलं होतं.

ओळखायची रीत अशी. 'चर्च असं शिकवतं' हे वाक्य ऐकलं की आदरानं विचारा, 'हे कुठे लिहिलं आहे?' कॅटेकिझममधला परिच्छेद मिळाला तर त्याच्या तळटीपा पाहा. तिथे विश्वव्यापी धर्मपरिषदेचा निर्णय आहे, की एखाद्या पोपचं पत्र किंवा भाषण, यावरून वजनाचा अंदाज येतो. कॅनन ७४९ चं तिसरं कलम लक्षात ठेवा : अमुक शिकवण अचूक म्हणून घोषित झाली आहे हे स्पष्ट सिद्ध झाल्याशिवाय तसं मानायचं नाही. पोपच्या अचूकतेचा सिद्धांत १८७० चा. त्यानंतर पोपनं त्या विशेष अधिकारानं केलेली निःसंशय घोषणा एकच, १९५० मधली, मरियेच्या सदेह स्वर्गोन्नयनाची. प्रवचन किंवा मुलाखत त्यात बसत नाही.

उलट दिशेनंही चूक होते. एखादा नियम बदलता येतो हे कळल्यावर काही जण सगळंच ऐच्छिक ठरवून टाकतात. खालची पायरी हलते म्हणून वरची हलत नाही.

प्रश्न : मी रोज बायबल वाचते. एखादं वचन मनाला भिडलं की तेच देवाचं उत्तर मानते. मंडळीतले एक वडील २ पेत्र १:२० दाखवून म्हणतात, स्वतः अर्थ लावायचा अधिकार आपल्याला नाही. कोण बरोबर? (एक प्रोटेस्टंट वाचक)

त्या वचनाचा वापर त्यांनी ताणला आहे. पुढचंच वचन, २१ वं, वाचा. माणसांच्या इच्छेनं संदेश आला नाही, पवित्र आत्म्याची प्रेरणा झालेली माणसं देवाकडून बोलली, असं ते सांगतं. तिथला मुद्दा संदेशाच्या उगमाशी बांधलेला आहे. त्यावरून 'सामान्य माणसानं अर्थ लावू नये' असा नियम काढता येत नाही. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयातल्या लोकांचं कौतुक झालं ते याचसाठी, की खुद्द पौलाचं बोलणं खरं आहे का हे ते रोज शास्त्रात तपासत होते. मात्र याच २ पेत्र पत्रात ३:१६ ला आणखी एक इशारा आहे : पौलाच्या पत्रांत समजायला कठीण गोष्टी आहेत, आणि अशिक्षित व अस्थिर माणसं त्यांचा विपर्यास करतात. वाचण्याचा हक्क तुमचा आहे. तो कष्टानं बजवायचा, एवढंच.

'भिडलेलं वचन' या पद्धतीत काय बिघडतं ते यिर्मया २९:११ वरून दिसतं. 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत' हे वचन परीक्षा, नोकरी, लग्न अशा प्रसंगी लगेच फळणारं वैयक्तिक वचन म्हणून वापरलं जातं. पण ते बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे. दहावं वचन सांगतं, सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर. पाच ते सातमध्ये आज्ञा आहे : तिथेच घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. वाचणाऱ्यांपैकी बहुतेक मोठी माणसं सुटका पाहण्याआधीच मरणार होती. मागच्या, अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा 'दोन वर्षांत सगळं परत येईल' असं जाहीर करतो. यिर्मया त्याला खोटा ठरवतो आणि त्याच वर्षी हनन्या मरतो. म्हणजे संदर्भ तोडून २९:११ वाचणारा माणूस बहुधा हनन्याचा संदेश यिर्मयाच्या तोंडी घालत असतो. संदर्भासकट वाचलं तर ते वचन दुबळं होत नाही. लांबलेल्या दुःखात टिकण्याची ताकद त्याला संदर्भामुळेच येते.

म्हणून असं करून पाहा. वचन भिडलं की ते वहीत उतरवा, पण निर्णय त्याच दिवशी घेऊ नका. त्याच्या मागचा आणि पुढचा अध्याय पूर्ण वाचा. पत्र असेल तर ते एका बैठकीत, शक्यतो मोठ्यानं वाचा. गलतीकरांस पत्राचे सहाच अध्याय आहेत, अर्ध्या तासात होतात. मग तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा : हे कोण कोणाला म्हणतो आहे, त्यांना त्या वेळी त्यातून काय कळलं असेल, आणि मला काय वाटतं. पहिले दोन रकाने रिकामे असताना तिसरा भरलेला असेल तर तिथे थांबा. दोन निराळ्या भाषांतरांत शब्द ताडून पाहा. फरक पडला तर नेमकी तीच जागा अवघड आहे असं समजा. एक जुना भाष्यकार आणि आपल्या परंपरेबाहेरचा एक भाष्यकार पाहा. शेवटी आपलं वाचन दोघांना सांगा. त्यांतला एक तुमच्याशी सहसा सहमत न होणारा असावा. ही शेवटची पायरी लोक गाळतात, कारण ती नको वाटते. पण आपल्याला हवं तेच आपण वाचलं आहे का, हे एकट्यानं ओळखणं फार कठीण असतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे मोलाचं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे वाँटेजच्या मठातल्या अँग्लिकन संन्यासिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात अँग्लिकन चर्चच्या अधिकाराबद्दलच्या आपल्या शंका उघडपणे मांडल्या. त्या शंकेवर थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडं आधी ते काम पुरं झालं. स्वतः वाचण्याचा आग्रह धरणाऱ्यानं किती दूर जायची तयारी ठेवावी, हे त्यातून दिसतं.

प्रश्न : सगळ्यांनी प्रामाणिकपणे, प्रार्थना करून वाचलं तर एकच अर्थ निघायला हवा ना?

नाही. ऑक्टोबर १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला मार्टिन ल्यूथर आणि उलरिख झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक समोरासमोर बसले. दोघंही शास्त्रच सर्वोच्च मानणारे, दोघांनाही मूळ भाषा येत होत्या, आणि एकी झाली नाही तर राजकीय धोका आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातही बराच भाग जुळला. पण प्रभुभोजनाच्या वेळच्या 'हे माझे शरीर आहे' या वाक्यातल्या ख्रिस्ताच्या उपस्थितीवर ते कायमचे वेगळे झाले. यात अप्रामाणिक कुणीच नव्हतं.

म्हणूनच शास्त्राला सर्वोच्च मानणाऱ्या चर्चेसनीही विश्वासाचे जाहीरनामे लिहिले. १६४६ चा वेस्टमिन्स्टर जाहीरनामा एकीकडे म्हणतो, विवेकाचा प्रभू केवळ देव आहे, आणि परिषदा चुकू शकतात. दुसरीकडे तोच सांगतो, की शास्त्रातल्या सगळ्या गोष्टी सारख्याच स्पष्ट नाहीत, तारणासाठी जे आवश्यक ते स्पष्ट आहे, आणि अवघड जागेचा अर्थ सोप्या जागेवरून लावावा. हा शेवटचा नियम रोजच्या वापरात फार उपयोगी पडतो. एकाच गूढ वचनावर उभी असलेली शिकवण, मग ती पाळकांची असो वा आपली, संशयानंच पाहावी.

प्रश्न : आमच्या स्वतंत्र मंडळीत हिशेबाबद्दल विचारलं तर पास्टर म्हणतात, 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.' प्रश्न विचारणाऱ्यात बंडखोरीचा आत्मा आहे, असंही व्यासपीठावरून सांगितलं जातं. आम्ही खरंच पाप करतो आहोत का? (तीन कुटुंबं)

नाही, तुम्ही पाप करत नाही. हिशेब मागणं हे मंडळीच्या सभासदाचं साधं कर्तव्य आहे. आता ती वचनं एकेक पाहू, कारण त्यांचं ओझं तुमच्या मनावर आहे.

'अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५:१५. बारापासून वाचा. संख्येनं थोडे, उपरे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकणारे अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याबद्दल ते आहे, आणि देव ती ताकीद राजांना देतो. दुबळ्यांना सत्ताधाऱ्यापासून वाचवण्यासाठी आलेलं वचन तुमच्या मंडळीत सत्ताधाऱ्याला दुबळ्यांपासून वाचवण्यासाठी वापरलं जातं आहे. दुसरा आधार १ शमुवेल २४ चा असतो, दाविदानं अभिषिक्त शौलावर हात टाकला नाही हा. तिथे हात टाकणं म्हणजे जिवे मारणं. ते त्यानं टाळलं खरं, पण गुहेतून बाहेर येऊन त्याच दाविदानं शौलाला हाक मारली, कापलेल्या झग्याचा काठ पुरावा म्हणून दाखवला आणि त्याचा अन्याय तोंडावर मांडला. नव्या करारात तर १ योहान २:२० प्रमाणे अभिषेक सगळ्याच विश्वासणाऱ्यांना आहे.

बंडखोरी जादूटोण्यासारखी आहे हे १ शमुवेल १५:२३. ते वाक्य शमुवेल कोणाला म्हणतो? राजाला, शौलाला. आज्ञा मोडलेल्या पुढाऱ्याला ऐकवलेलं ते वाक्य आहे.

इब्री १३:१७ मध्ये पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असं आहे, आणि ते खोडून टाकायचं नाही. त्याच वचनात पुढाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे असंही आहे. १ पेत्र ५:३ त्यांना कळपावर धनीपण करायला मनाई करतं. पौलानं अंत्युखियात पेत्राला सर्वांसमक्ष चुकीचं ठरवलं (गलती २:११-१४), आणि त्यामुळे पेत्राचं प्रेषितपण गेलं नाही. ३ योहानमधला दियत्रफेस मात्र प्रेषितालाही मानत नाही आणि विरोध करणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो. त्याचं वर्णन तुम्हाला ओळखीचं वाटेल.

प्रत्यक्ष काय करायचं? आधी मंडळीची घटना किंवा विश्वस्त संस्थेची नियमावली मागा. पास्टर कोण नेमतं, कोण काढू शकतं, खात्यावर सह्या कोणाच्या, हिशेबतपासणी कोण करतं, या चार गोष्टी तिथे लिहिलेल्या असायला हव्यात. मग एका पानाचं पत्र द्या, तिन्ही कुटुंबांच्या सह्यांचं, फक्त हिशेबाबद्दल. शिकवण, स्वभाव, जुने अपमान त्यात घालू नका, नाहीतर मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि चर्चा तुमच्या वृत्तीवर येते. पोच घ्या, उत्तरासाठी तारीख लिहा. १ तीमथ्य ५:१९ वडिलांविरुद्धच्या आरोपाला दोन-तीन साक्षीदार मागतं, आणि लगेच पुढचं वचन पाप करणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष द्यायला सांगतं. दोन्ही एकत्र पाळा. घटनाच नसेल, किंवा पत्राला उत्तर म्हणून व्यासपीठावरून शापवाणी आली, तर तिथून निघणं योग्य. सोडून गेलेल्यांशी बोलू नका असा हुकूम निघाला, किंवा लग्न आणि नोकरीचे निर्णय पास्टर घेऊ लागले, तर तारखेची वाट पाहू नका.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. पाळकांनी एखाद्याला त्याच्या उघड पापाबद्दल एकांतात बोलणं ही हुकूमशाही नव्हे, ते त्यांचं काम आहे. ते स्वतःही कोणाला तरी उत्तर देतात का, यावरून फरक ओळखा.

प्रश्न : चर्च एक सांगतं आणि माझा विवेक दुसरं. 'माझा विवेक' म्हटलं की प्रश्न संपतो का? (एक कॅथलिक वाचक)

तिथून तो सुरू होतो. विवेकाचा निश्चित निर्णय पाळलाच पाहिजे, तो मोडणं म्हणजे स्वतःला दोषी ठरवणं, असं कॅटेकिझमच्या परिच्छेद १७९० मध्ये आहे. धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात याहून पुढे गेले होते : चुकलेला विवेकही बांधतो. पण लगेच ते पुढचा प्रश्न विचारतात, चूक कळायला हवी होती आणि तुम्ही कळून घेतली नाहीत, तर ती तुम्हाला निर्दोष ठरवते का? त्यांचं उत्तर, नाही. कॅटेकिझमचा परिच्छेद १७९१ तेच सांगतो.

म्हणून 'माझा विवेक' म्हणण्याआधी काही गोष्टी कराव्या लागतात. चर्चची शिकवण मूळ दस्तऐवजात, तिच्या कारणांसकट वाचलेली असावी, बातमीतून नव्हे. ती कारणं तुम्हाला इतकी नीट मांडता यावीत, की ती मानणारा माणूस म्हणेल, हो, आमचं म्हणणं हेच. एखाद्या जाणत्या धर्मगुरूंशी बोलणं झालेलं असावं. आणि स्वतःला विचारा, उलट निर्णय माझ्या सोयीचा असता तरी माझं मत हेच राहिलं असतं का? इच्छा आणि विवेक यांचा आवाज आतून सारखाच येतो, म्हणून ही चाचणी टाळू नका.

विवेकाचा निर्णय तुमच्या स्वतःच्या कृतीपुरता असतो. 'मी हे करू शकत नाही' हे विवेकाचं वाक्य. 'म्हणून चर्चनं शिकवण बदलावी' हे मत आहे. ते मांडायलाही जागा आहे, कॅनन २१२ मध्ये. ज्ञान आणि योग्यता यांप्रमाणे आपलं मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा हक्क, कधी कर्तव्यही, विश्वासणाऱ्यांना आहे, श्रद्धा आणि आदर राखून. रोमकरांस १४ मध्ये पौल दोन्ही बाजूंना एकमेकांचा न्याय करू नका म्हणतो. पण तो खाण्यापिण्याबद्दल आणि दिवसांबद्दल बोलतो आहे. तो अध्याय प्रत्येक वादावर लावता येत नाही.

प्रश्न : आमच्या बाळाचा बाप्तिस्मा फादरांनी नाकारला. आम्ही मिस्साला नियमित जात नाही हे कारण दिलं. दाद मागता येते का?

येते. कॅनन ८६८ प्रमाणे मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी. ती अजिबात नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलायचा आणि कारण आईवडिलांना सांगायचं. 'पुढे ढकलणं' आणि 'नाकारणं' यांत फरक आहे, आणि त्यातच तुमचा मार्ग आहे. आधी फादरांना भेटून विचारा, कोणत्या गोष्टी दिसल्या तर आशा साधार वाटेल? तयारीचा वर्ग, श्रद्धेत पक्के असे धर्ममातापिता, किंवा मुलाला श्रद्धा शिकवण्याची जबाबदारी घेणारे आजी-आजोबा, असं काही ठोस पुढे ठेवा. बहुतेक वेळा इथेच काम होतं.

तरीही नकार असेल तर तो कारणासह लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागताना मुदत कधी सुरू झाली यावरच वाद होतो. धर्मग्रामगुरूंच्या (म्हणजे तुमच्या पॅरिशच्या फादरांच्या) लेखी निर्णयाविरुद्ध थेट बिशपांकडे जाता येतं, निर्णय कळल्यापासून पंधरा दिवसांत. अर्ज फादरांच्याच हाती दिला तरी तो बिशपांकडे पाठवणं त्यांना बंधनकारक आहे. बिशपांचा स्वतःचा निर्णय पटला नाही तर आधी दहा दिवसांत त्यांनाच फेरविचाराची लेखी विनंती करावी लागते. ही पायरी चुकली की पुढचा अर्ज बाद होतो. त्यांना उत्तराला तीस दिवस असतात. उत्तर न आल्यास तिसाव्या दिवसापासून, आल्यास ते कळल्यापासून, पंधरा दिवसांत रोममधल्या संबंधित विभागाकडे अर्ज जातो. हे दिवस मोजताना ज्या काळात तुम्हाला निर्णय ठाऊकच नव्हता किंवा काही करणं शक्य नव्हतं, तो काळ धरला जात नाही.

हा सगळा मार्ग निर्णयांबद्दलच्या वादासाठी आहे. पैशांची अफरातफर, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर सरळ पोलिसांकडे जा. 'आधी भावाशी एकांतात बोल' हे मत्तय १८ दाखवून कुणी थांबवलं तरी थांबू नका. चर्चच्या आतही २०१९ च्या नियमांनुसार लैंगिक अत्याचाराची तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची सक्ती करता येत नाही.